दालचिनी कोणती, ते आधी सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मसाल्याच्या डब्यातल्या औषधी गुणांवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. मांडणी देखणी, भाषा गोड. पण ‘रोज अनशापोटी एक चमचा दालचिनीपूड कोमट पाण्यातून घ्या’ असं बिनधास्त सांगताना कोणती दालचिनी, एवढं लिहायला जागा पुरली नाही का? चौकटीभर फोटोला पुरली. आणि फोटोही तजेचा!

जाड, खरखरीत, गडद तपकिरी, एकच वळी पडलेली साल म्हणजे तज. दालचिनी म्हणून बाजारात सर्रास हीच गळ्यात मारतात. खऱ्या दालचिनीचे पदर कागदासारखे पातळ असतात, एकात एक गुंडाळलेले, रंगाने फिकट. बोटांत दाबली की तिचा चुरा होतो. तज मात्र कटकन मोडते आणि मिक्सरलाही दाद देत नाही. कोकणात लावतात ती ‘कोकण तेज’ खऱ्या दालचिनीचीच जात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांतही दालचिनी आणि तज यांच्या नोंदी वेगळ्या आहेत. पूड झाल्यावर मात्र नुसत्या डोळ्यांनी फरक कळणं कठीण, आणि लेखाचा सगळा भर पुडीवरच.

फरक नुसत्या चवीचा असता तर पत्र लिहिलं नसतं. तजेत कौमारिन नावाचं, जास्त झालं तर यकृताला त्रास देणारं नैसर्गिक द्रव्य असतं, ग्रॅमला साधारण ३ मिलिग्रॅम, कधी जास्तही. खऱ्या दालचिनीत ते नावापुरतं. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने रोजची मर्यादा घातली आहे ती वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६. चहाच्या चमच्यात अडीच-तीन ग्रॅम पूड मावते, तेव्हा लेखातल्या एका चमच्यातच ही मर्यादा ओलांडली जाते. एखाद्या दिवशी जास्त गेलं म्हणून काही बिघडत नाही. काळजी आहे ती महिनोन्‌महिने नेमाने घेणाऱ्यांची, त्यातही यकृत नाजूक असलेल्यांची. उकळून, गाळून प्यायल्यानेही सुटका नाही, कारण कौमारिन गरम पाण्यात उतरतं. मसालेभातात बोटभर तुकडा पडतो आणि तो सगळ्या घरात वाटला जातो, त्याची भीती कुणी घालू नये.

हळदीचंही तेच. ज्याच्या गुणांचा एवढा गवगवा होतो ते कर्क्युमिन हळदपुडीत जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास. मिऱ्यातल्या पायपरीन या घटकामुळे त्याचं शरीरातलं शोषण ‘वीस पट’ वाढतं, हे लेखात ठळक अक्षरांत आहे. तो १९९८चा बंगळुरूचा प्रयोग. त्यात माणसांना दिलं होतं २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन. तेवढं हळदीतून मिळवायचं तर साठ-सत्तर ग्रॅम पूड पोटात जायला हवी. एवढ्यात नवरदेवाची हळद उरकते! कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे फोडणीत हळद घालायची रीत चांगलीच आहे, पण तेल धुरावल्यावर घातली की ती करपून कडवट होते. मोहरी तडतडली, आच मंद केली, की मग हळद, आणि लगेच भाजी.

आता विषय निघालाच आहे म्हणून त्याच पानावरच्या गोड्या मसाल्याच्या कृतीबद्दलही लिहितो. ‘सर्व जिन्नस एकत्र भाजून गरमच मिक्सरमधून काढा’ ही सूचना कुणी तपासली? धणे भाजले जाईपर्यंत तीळ करपतात. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, खोबरं मंद आचेवर. मसाला गरम असतानाच दळला की वाफ झाकणाला धरते, पूड दमट होते आणि बरणीत गोळे धरून बुरशी येते. वर खोबऱ्या-तिळाला तेल सुटून मसाला लवकर खवट होतो, सुगंध उडतो तो वेगळाच. परातीत पसरून पूर्ण निवू द्यावा, मिक्सर थांबत थांबत फिरवावा, दळल्यावर पुन्हा निववून मगच कोरड्या बरणीत भरावा. आणि फोटोत दाखवलंय तसं बरणी गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नये.

पुढच्या अंकात दालचिनीबद्दलची दुरुस्ती छापावी, फोटोएवढ्याच आकारात.

आपला,
एक वाचक