पिल्ले पर्यटकांसाठी रोखू नका

महोदय,

पिल्ले समुद्रात जाताना पाहण्याचा कासव महोत्सव आला की किनाऱ्यावरच्या वेळास, आंजर्ल्याकडे गाड्यांची रांग लागते. गावाला चार पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण रात्री वाळूतून वर आलेली ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्ले सकाळी लोक जमेपर्यंत टोपलीखाली ठेवणे योग्य नाही. पोटात उरलेला बलक हीच पिल्लाची शिदोरी. टोपलीत धडपडून ती संपली की लाटा ओलांडायला बळ कुठून येणार? त्यातून ऊन चढल्यावर तापल्या वाळूवर सोडणे म्हणजे घातच. रात्री निघालेली पिल्ले रात्रीच सोडावीत. पर्यटकाला दर्शन घडले तर घडले.

अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या उबवणीच्या जागेत, हलवण्याचेही तसेच. घरटे भरतीरेषेच्या वर असेल आणि राखण शक्य असेल, तर जाळी लावून जागीच ठेवावे. हलवायचेच तर अंडी घातल्यापासून सहा तासांच्या आत. पुढे गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडे उलटले की मरतो. म्हणून शंभरेक अंडी वरची बाजू वरच ठेवून, दीड फूट खोल, तळाशी रुंद खड्ड्यात ठेवावीत व मूळ घरट्यातली ओली वाळू वर घालावी.

वाळू साधारण ३० अंशांपुढे तापली की माद्याच जास्त निपजतात. हॅचरीवर सावलीचे कापड कधी घालायचे, हे थर्मामीटर पाहून ठरवावे, अंदाजाने नको. आणि हॅचरीची जागा दरवर्षी बदलावी. जुन्या कवचांमुळे वाळूत बुरशी धरते.

— एक कासवमित्र, रत्नागिरी जिल्हा