‘बरं आहे’ एवढंच सांगू नका

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर विचारलं की बाबा ‘बरं आहे’ म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई म्हणते, ‘बरं आहे म्हणताहेत.’ झालं! यातून बाबांच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या जखमेचं मला काय कळणार? म्हणून सगळं एकदाच लिहून पाठवतेय. शेजारच्या दादाकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या.

आधी हे डोक्यात घ्या, की जखमेला रोज उठून काही लावायचं नाहीये. भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक उपाय सुचवून जाईल. कोणी हळद सांगेल, कोणी खोबरेल, कोणी डेटॉलचा बोळा. सगळ्यांना चहा पाजा आणि हो म्हणा. टाके घातलेल्या जखमेच्या कडा वरून साधारण ४८ तासांत सांधतात. आतलं काम मात्र महिनोन्‌महिने चालू राहतं आणि ते शरीर आपलं आपण करतं. डब्यातली हळद दुधात घाला, टाक्यांवर नको, ती निर्जंतुक नसते. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. झोंबलं म्हणजे औषध लागू पडलं, हा आपल्याकडचा जुनाच गैरसमज. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच लावायचं.

तुमचं काम बघण्याचं. बाबा, प्रेसमध्ये तुम्ही छपाईतली केसाएवढी चूक पकडायचात, ती नजर आता इथे लावायची. पोट आडवं येत असेल तर आई बघेल. रोज अंघोळीनंतर खिडकीपाशी, उजेडात. त्याआधी आईने बांगड्या मागे सारून, नखं आणि बोटांच्या बेचक्यांसकट निदान वीस सेकंद साबणाने हात धुवायचे. मग एक फोटो, रोज तेवढ्याच अंतरावरून. फ्लॅश नको, रंग फसवा येतो.

घाबरायचं नाही अशा गोष्टी बऱ्याच आहेत. सुरुवातीचे काही दिवस कडांना थोडी लाली, सूज, किंचित ऊब असते. फिकट, पातळ लस एखाद्या ठिकाणी येते. टाक्यांच्या खाली बोटाला कडक रेघ लागते, ती नवीन ऊती तयार होत असल्याची. खाज सुटते. आजूबाजूची कातडी बधिर वाटते, कारण तिथले बारीक मज्जातंतू कापले गेलेत. आणि बाबा, मुलीने वडिलांना लिहावं का, असं तुम्हाला वाटेल, पण माझं निम्मं आयुष्य सर्जिकल वॉर्डात चाललंय, तेव्हा लिहितेच. हर्नियाच्या ऑपरेशननंतर रक्त खाली उतरतं, त्यामुळे वृषणाच्या पिशवीला सूज येते, काळंनिळं दिसतं. दोन-तीन आठवड्यांत ते ओसरतं. लंगोटासारखा आधार दिला की बरं वाटतं. हर्निया होता तिथेच मऊ फुगवटा आला तरी ‘परत झालं’ म्हणून हाय खाऊ नका. बहुतेकदा ते साठलेलं पाणी असतं आणि हळूहळू आपोआप जिरतं. दाबून मात्र बघू नका, पुढच्या तपासणीत दाखवा.

आता ज्यासाठी मला रात्री-अपरात्री उठवायचं ते. लाली पसरतेय असं वाटलं तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा. लाली रेघेबाहेर गेली की लगेच डॉक्टरांना फोन. दुखणं दिवसेंदिवस कमी व्हायला हवं, ते चार-पाच दिवसांनी उलट वाढायला लागलं तर थांबायचं नाही. घट्ट पू, घाण वास, टाक्यांत फट, १००.४ च्या वर ताप किंवा हुडहुडी, लघवी अडणं, पोट फुगून उलट्या, यांपैकी काहीही झालं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एकच पिंढरी सुजून दुखायला लागली तरी तसंच. धाप लागली तर कोणाला विचारत बसू नका, १०८ ला फोन करा. आत जाळी बसवलीय, म्हणून टाके निघाल्यावरही पहिले ९० दिवस लक्ष असू द्या. आणि मेडिकलवाल्याला सांगून ‘मागच्या वेळच्या त्या अँटिबायोटिक’ गोळ्या आणायच्या नाहीत.

अंघोळीला डॉक्टरांनी हो म्हटलंय. तांब्याने पाणी घ्या, साबणाचं पाणी वरून ओघळलं तर चालेल, चोळायचं नाही. पाण्यात बुडून बसणं मात्र बंद. दसकचा घाट नाही, रामकुंड तर नाहीच. सध्या पावसामुळे कपडे वाळत नाहीत हे मला माहीत आहे. तरी जखमेसाठी वेगळा पंचा ठेवा, इस्त्री फिरवून कोरडा करा आणि नुसता टिपा. इलॅस्टिकची चड्डी नेमकी टाक्यांवर घासते. आठवडाभर सैल लुंगीच नेसा, घरात कोण बघतंय!

खाण्यावर आईशी माझं भांडण ठरलेलंच आहे. आई, ‘भाताने पू होतो, आंबटाने चिघळतं, तुरीचं वरण नको’ असं करत करत तू बाबांना पोळी आणि दुधी एवढ्यावर आणून ठेवशील. पू जंतूंमुळे होतो, वरणाने नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात, दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. बाबांचं वजन ६५, म्हणजे ८० ग्रॅमच्या आसपास. किडनीचा रिपोर्ट चांगला आलाय म्हणून हे बिनधास्त लिहितेय. वाटीभर घट्ट वरणातून सात-आठ ग्रॅम मिळतात, त्यामुळे वरणाबरोबर मटकी, मुगाचं धिरडं, पनीर, दही असं दिवसभरात फिरतं ठेव. श्रावण आहे, अंड्याचा आग्रह मी धरत नाही. आंबट तर हवंच. क जीवनसत्त्वाशिवाय कोलेजन तयार होत नाही, त्यामुळे लिंबू पिळ, आवळा दे.

आणि श्रावणी सोमवार. बाबा, मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर खाली जाईल, आणि साबुदाण्याची खिचडी चापलीत तर वर जाईल. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, नुसता स्टार्च. साखर सतत १८० च्या वर राहिली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात आणि जखमेत जंतूंचं फावतं. यंदा महादेवाला घरूनच हात जोडा. तिसऱ्या सोमवारच्या त्र्यंबकच्या फेरीचं तुम्ही काकांशी ठरवलंय, हे मला कळलंय. यंदा ब्रह्मगिरीची फेरी रद्द. चालायचंच असेल तर सकाळ-संध्याकाळ सोसायटीच्या आवारात चाला. पडून राहण्यापेक्षा चालणं केव्हाही चांगलं. मग हळूहळू मुक्तिधामपर्यंत.

वजन अजिबात नको. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात जातो, तो तुम्ही सरकवायचाही नाही, पाण्याची बादली नाही की नातवालाही उचलायचं नाही. तीन आठवड्यांनी जखम वरून छान दिसते, पण तोवर तिच्यात मूळ कातडीच्या पाव हिश्शाएवढीही ताकद आलेली नसते. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धरा. उठताना आधी कुशीवर वळा, मग हातावर भार देऊन उठा. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि कुंथल्याने टाक्यांवर जोर येतो, तेव्हा रात्री इसबगोल घ्या आणि पाणी भरपूर प्या.

चुन्याची डबी अजून गादीखाली असते का? तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू कमी पोचतो. याहून जास्त लिहीत नाही, तुम्ही समजून घ्याल.

टाके काढायला जाताना डिस्चार्जची फाईल आणि साखरेची वही दोन्ही न्या. मधुमेह आहे, म्हणून डॉक्टर एक-दोन दिवस पुढे ढकलतील, हट्ट करू नका. रिक्षावाल्याला बिटकोच्या चौकात हळू घ्यायला सांगा. आई, त्या दिवशी स्वयंपाक करू नकोस, मी डबा सांगून ठेवलाय. तुझी बीपीची गोळी संपत आली असेल, तीही येताना घेऊन ये.

आजचा फोटो अजून आलेला नाही.

तुमची,
मनू