उद्यमबागेतल्या मामांना

तीर्थस्वरूप मामांस सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइल बघत नाही, नातू वाचून दाखवेल. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं हल्ली ड्रॅग रेससाठी, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या अंतराच्या शर्यतीसाठी, गाड्या तयार करतात, त्यांच्याही कानावर जावं म्हणून उघडच लिहितोय.

मी जुनी झेन घेऊन आलो होतो ते एका ब्रॅकेटच्या वेल्डिंगला. डिकीतली फ्युएल सेल, म्हणजे आत फोम भरलेली रेसची टाकी, मी स्वतःच बसवली होती; चार बोल्ट, पत्र्यातून आरपार. तुम्ही दोन्ही हातांनी टाकीला एक हिसका दिलात आणि खालचा पत्रा डब्याच्या झाकणासारखा टक्क वाजला. "टाकीला पत्र्यानं धरलंय. पत्र्याला कोण धरतंय गा?"

मग वाकून वास घेतलात. व्हेंटचा, म्हणजे टाकीतली हवा-वाफ बाहेर सोडणारा, पाइप मी डिकीतच मोकळा सोडला होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचणार, आणि हातभर अंतरावर बॅटरी. टाकी आणि माझी पाठ यांच्यामध्ये फक्त सीट. मामा, आदल्या रविवारी त्याच गाडीतून मी पुतणीला फिरवून आणलं होतं. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आर्क मारण्याआधी तुम्ही टाकी उतरवून लांब चिंचेखाली ठेवायला लावलीत. रिकामी आहे म्हटल्यावर चिडलात, कारण रिकाम्या टाकीतली वाफच पेटते. चौकोनी पाइपची फ्रेम चॅसिसला जोडली, वरून दोन पोलादी पट्ट्या आवळल्या. सीटमागे पत्र्याची भिंत, फट न फट बुजवलेली. टाकीपासून चॅसिसला अर्थिंगची वायर, पेट्रोल भरताना स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून. इंजिनकडे पेट्रोल जायचं टाकीचं तोंड मी पुढं ठेवलं होतं. गाडी सुटताना पेट्रोल मागं धावतं, म्हणून तुम्ही ते मागं फिरवलंत.

व्हेंट खालून बाहेर काढायच्या आधी त्याचा रोलओव्हर व्हॉल्व्ह माझ्या हातात दिलात. फुंकर मारली, हवा गेली. उलटा धरून फुंकलं, आतली गोळी बसली, हवा बंद. गाडी उलटली तर पेट्रोल का सांडणार नाही हे त्या एका फुंकरीत कळलं.

तीन संध्याकाळी गेल्या तुमच्या. पैसे घेतलेत ते पाइप-पत्र्याचे. मजुरीचं नाव काढलं तर पाना उचलून दाखवलात. परवा ४०२ मीटर पळालो, मामा. सुटताना इंजिन एकदाही अडखळलं नाही, आणि डिकीत वासाचा मागमूस नाही.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, त्यात फोमचा भुगा होऊ लागला तर फिल्टर तुंबेल, हे तुमचं सांगणं लक्षात आहे. दिवाळीनंतर फोम उघडून दाखवायला येतो. टाकी घरीच उतरवून, वेगळी घेऊन येईन.

तुमचा,
झेनवाला