गवंडीमामा, तुमचे आभार राहिले होते

आमच्या दोन खड्ड्यांच्या संडासाचा, दोन वर्षं बंद ठेवलेला पहिला खड्डा परवा उघडला. आत काळी, भुसभुशीत माती. घाण वास नावालाही नाही. काकूंनी घमेलंभर उचलून सरळ वांग्याच्या वाफ्यात नेऊन टाकली! कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं जे सोनखत करून दाखवलं, ते आमच्या परसात तयार व्हायला सात वर्षं लागली.

गवंडीमामा, तुम्ही शेजारच्या गावात कुणाकडे तरी पाहुणे म्हणून आला होतात. मी शहाणा, खड्डा ‘पक्का’ व्हावा म्हणून तळाला सिमेंट ओतत होतो. ‘अहो, मग पाणी मुरणार कुठं?’ म्हणत तुम्ही माझ्या हातातली थापी काढून घेतलीत. भिंतीला विटांची जाळी कशी ठेवायची, चेंबरमधलं एक तोंड बंद करून मैला दुसऱ्या खड्ड्याकडे कसा वळवायचा, सगळं उन्हात उभं राहून दाखवलंत. जास्त उताराचं भांडंही तुमच्याच आग्रहाचं. त्याला दोन तांबे पाणी पुरतं. मे महिन्यात टँकरची वाट बघताना तुमची आठवण हमखास निघते.

भाकरी-पिठल्याखेरीज काही घेतलं नाहीत, आणि नाव विचारायचं आम्हालाही सुचलं नाही.

ज्या पोरींनी ओढ्यापासून डोक्यावर विटा आणल्या, त्यांचेही आभार. त्यातल्या दोघींनी नंतर वाडीतले चार संडास स्वतः बांधले. जाळी तुमच्यापेक्षा सरळ आहे, मामा. येऊन बघा.