रातीक ये

देवबाग, मालवण
22 डिसेंबर

प्रिय दिग्या,

स. न. वि. वि.

"अजून किडे मोजतोयस काय रे?" हा तुझा आवाजी निरोप ऐकला. त्याचं उत्तर बोटांनी टाइप होईना, म्हणून कागद घेतला.

मोजतोय, समुद्रात तरंगणारे ते बारीक जीव. आणि दोन महिने चुकीचे मोजले, ते आधी सांगून टाकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर रोज सकाळी उन्हं चढल्यावर काकांच्या होडीतून जाळं ओढायचो. हे जाळं म्हणजे नरसाळ्यासारखा लांबलचक झगा. भोकं 200 मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. शेपटाला भांडं आणि तोंडात एक फिरकी. किती पाणी गाळलं ते फिरकीवरून कळतं. ते कळलं नाही तर मोजणी फुकट. दहा मिनिटं ओढून भांड्यात चमचाभर गाळ यायचा आणि मी वहीत 'प्रमाण कमी' असं ऐटीत लिहायचो. काका सुकाणू धरून गप्प बघत असत. शेवटी एकदा म्हणाले, "दिवसाक काय गावतला? रातीक ये, मगे बघ."

लाज अशी वाटली की हे मी परीक्षेत लिहून आलोय! प्राणिप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे हे बारीक प्राणी, दिवसा खाली उतरतात, कारण उजेडात माशांना दिसतात. रात्री चरायला वर येतात. पण ती खोल समुद्राची गोष्ट, आपल्या उथळ पाण्यात जातील कुठे, असं मी धरून चाललो होतो. जातात तळाशी, चिखलाला टेकून बसतात.

गेल्या अमावास्येला रात्री गेलो. जाळं वर घेतलं तर कापडभर निळा उजेड! काकांचे हातसुद्धा कोपरापर्यंत चमकत होते. हे नॉक्टिल्युका. एकच पेशी, पण साबुदाण्याच्या कणीसारखी डोळ्यांना दिसते, आणि हलवलं की पेटते. लोक किनाऱ्यावर फोटो काढायला येतात ते हेच. मला मात्र त्याचा वैताग: जाळ्याची भोकं बुजली, फिरकी मंदावली आणि ती ओढ बाद धरावी लागली. दुसऱ्या ओढीला भांड्यात खिरीएवढा दाटपणा होता.

थेंब भिंगाखाली धरला. बहुतेक कोपेपॉड, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या गोतातले, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, अंगाएवढ्या लांब मिशा पसरून झटके देत पळणारे. काही माद्यांच्या शेपटीला अंड्यांच्या दोन पिशव्या, बैलाच्या पाठीवरच्या गोणीसारख्या. एक बाणअळी आरपार काचेची, आणि तिच्या पोटात नुकताच गिळलेला कोपेपॉड, त्याचा लाल डोळा अजून शाबूत. ते बघत मी किती वेळ बसलो कोण जाणे, चहा गार झाला. आणि डोक्यावर लांब शिंग असलेलं एक पोर होतं, झोइया. पूर्वी त्याला वेगळाच प्राणी समजत. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या जॉन वॉन थॉम्पसन नावाच्या लष्करी डॉक्टरने 1828 साली छापून सांगितलं की हे खेकड्याचंच पिल्लू. म्हणजे आपण लहानपणी खडपात बोटं घालून चावून घेतलेल्या कुर्ल्याही कधीतरी अशाच तरंगत होत्या.

आणि तुझ्या आईची सुक्या जवळ्याची किसमूर! जवळासुद्धा प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या या मंडळींतलाच, फक्त आकाराने थोरला. तेव्हा 'किडे' म्हणताना जरा सांभाळून. बांगडाही याच मंडळींवर पोसतो. साफ करताना कल्ल्यांत पिसासारखी चाळण दिसते ना, ती यांना गाळून घ्यायचीच.

एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. अरबी समुद्रात मोसमाप्रमाणे हिरवं खाद्य, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती, कमी-जास्त होतं, पण खुल्या समुद्रात वरच्या थरातलं प्राणिप्लवकांचं वजन वर्षभर जवळपास सारखंच राहतं. उपासाच्या महिन्यांत ते खातात काय? जीवाणू, पण थेट नाही, जीवाणू खाणाऱ्या सूक्ष्म जीवांमार्फत. मी हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "पावसात आमी सुको जवळो खातव, तसाच मां ता."

वहिनींना नमस्कार, चिमीला पापा.

तुझा,
बाबू

ता. क. खडकावर जाळ्याला हातभर चीर गेली आहे. पुण्यात स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे बारीक बोल्टिंग कापड मिळतं, येताना दोन मीटर आण. पैसे देईन, मागच्या वेळेसारखे बुडवणार नाही.