‘पाय गेले’ एवढेच नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहा वर्षांपूर्वी चिंचा झोडताना फांदी मोडली आणि माझा धाकटा भाऊ खाली पडला. धावत आलेल्यांपैकी कुणी हात धरले, कुणी पाय. पाणी पाजायला त्याला बसवले आणि ऑटोत घालून तालुक्याला नेले. सगळे जिवाच्या आकांताने धावले होते, त्यांना बोल नाही. पाठीच्या कण्यातून जाणारा नसांचा दोर, म्हणजे मज्जारज्जू, पडतानाच चेंगरला की उचलताना, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

इजा छातीच्या चौथ्या मणक्याशी आहे. हात शाबूत, छातीच्या मध्यापासून खाली काहीच कळत नाही. भेटायला येणारे विचारतात, ‘पायात जीव आला का?’ पण मेंदूचे निरोप खाली नेणारी आणि खालचे वर आणणारी वाटच तुटली, की लघवी, शौच, कातडी, घाम, रक्तदाब, सगळेच बिघडते. हे आम्हाला दवाखान्यातून घरी पाठवताना कुणी नीट सांगितले नाही.

पहिल्याच महिन्यात माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. आईने खोबरेल लावले. आठ-दहा दिवसांत तिथे बोट जाईल एवढी जखम झाली आणि ती भरायला सात महिने लागले. दर दोन तासांनी कूस बदलायची, एवढे माहीत असते तरी ती टळली असती. आता तो स्वतःच रोज हातात आरसा धरून पाठीखालची कातडी बघतो.

एकदा भर दुपारी त्याचे डोके फुटेल असे दुखू लागले. चेहरा लालबुंद, कपाळावर घामाच्या धारा. ऊन लागले समजून आम्ही कांद्याचा रस चोळत बसलो. लघवीची नळी मांडीखाली दुमडली होती. ती सरळ केली, त्याला उठून बसवले आणि काही मिनिटांत डोके उतरले. नंतर एका डॉक्टरांनी समजावले की छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असली, तर नुसत्या तुंबलेल्या लघवीनेही रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढतो. अशा वेळी झोपवून ठेवायचे नाही, बसवायचे, आणि नळी आधी बघायची.

आपल्याकडचा मे महिना तर वेगळीच परीक्षा. इजेच्या खालच्या अंगाला घामच येत नाही, त्यामुळे अंग तापत जाते. आम्ही ओली चादर पांघरतो, तासातासाला पाणी शिंपडतो. आंघोळीचे पाणी वहिनी आधी स्वतःच्या कोपराने तपासते, कारण चटका बसला तरी त्याला कळणार नाही.

माझी विनंती दोन गोष्टींची. आशाताईंना या रुग्णांची देखभाल शिकवावी आणि लघवीच्या नळ्या उपकेंद्रात मिळाव्यात. दर चार ते सहा तासांनी नळी घालून लघवी काढायची, तर नळ्यांसाठी दर वेळी जिल्ह्याला कसे जायचे?

आणि कुणी उंचावरून पडले, तर उठवू-बसवू नका. १०८ ला फोन करा, मान हलू देऊ नका. हलवणे भागच असेल, तर डोके, मान, कंबर एका रेषेत धरून तिघाचौघांनी एकदम कुशीवर वळवा आणि खाली फळी किंवा दाराचे कवाड सरकवा.

चिंचा झोडायचा हंगाम महिन्यावर आला आहे. पत्र त्याआधी छापावे, ही विनंती.

कळावे,
एक वाचक,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ