ऑक्टोबरच्या उन्हात उशिरा सोडलेली ट्रायथलॉन : शुल्क परतावा आणि लेखी खुलाशाची मागणी

प्रति,
माननीय व्यवस्थापकीय संचालक,
स्पर्धेची आयोजक कंपनी, नवी मुंबई

विषय : ट्रायथलॉन स्पर्धेतील सदोष वेळापत्रक आणि उष्माघातावरील उपचारांची अपुरी व्यवस्था याबाबत तक्रार.

महोदय,

आपल्या कंपनीने गेल्या रविवारी नवी मुंबईत घेतलेल्या ट्रायथलॉन स्पर्धेत मी हौशी स्पर्धक म्हणून ऑलिम्पिक अंतराच्या गटात, म्हणजे दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे या गटात, रीतसर शुल्क भरून भाग घेतला होता. स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी मी आपल्याकडे ई-मेलने तक्रार नोंदवली. त्यावर आपल्या ग्राहक सेवा विभागाने दिलेले उत्तर दोन वाक्यांचे आहे. हवामान आयोजकांच्या हातात नसते, असे पहिले वाक्य सांगते आणि सर्व स्पर्धकांनी नोंदणी करताना जोखीम मान्य केलेली असते, असे दुसरे. ही दोन्ही वाक्ये मला मान्य नाहीत. त्यामुळे घडलेला प्रकार सविस्तर लिहून हे पत्र आपल्याकडे पाठवत आहे.

ऑक्टोबरमध्ये मुंबई परिसरात ऊन असते, हे मला ठाऊक आहे. पाऊस ओसरला की वारे दिशा बदलतात, आकाश मोकळे होते, जमिनीत आणि हवेत ओल मात्र शिल्लक असते, आणि सकाळी नऊ-साडेनऊनंतर घराबाहेर उभे राहणेही नकोसे होते. याच कारणाने आपण जाहिरातीत स्पर्धा 'पहाटे सुरू होऊन उन्हाआधी संपेल' असे छापले होते आणि त्याच भरवशावर मी नाव नोंदवले. आदल्या दिवशीच्या ब्रिफिंगमध्येही हेच आश्वासन माईकवरून पुन्हा देण्यात आले होते.

प्रत्यक्षात काय झाले ते पाहावे. पोहण्याचा टप्पा आपण २५ मीटरच्या, सहा लेनच्या तरणतलावात ठेवला होता. त्यामुळे स्पर्धकांना तुकड्यांनी सोडणे भाग होते. आपल्या वेळापत्रकात पहिली तुकडी ६ वाजता, दुसरी ६.३० वाजता आणि माझी, म्हणजे तिसरी तुकडी ७ वाजता पाण्यात उतरेल, असे लिहिलेले होते. पण पोहण्यासाठी आपणच ठरवलेली कट-ऑफ वेळ ५० मिनिटांची होती. एका तुकडीला ५० मिनिटांपर्यंत पाण्यात राहण्याची मुभा असेल, तर पुढची तुकडी ३० मिनिटांनी त्याच लेनमध्ये कशी उतरणार, हा प्रश्न वेळापत्रक तयार करणाऱ्याला पडायला हवा होता. एकही मिनिट वाया गेले नसते तरी माझ्या तुकडीला ७.४० पूर्वी पाण्यात उतरता येणार नव्हते आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या तुकडीला साडेआठ वाजणार होते. म्हणजे जो उशीर आपण त्या दिवशीच्या अडचणींवर ढकलत आहात, त्याचा मोठा भाग छापील कागदावरच होता.

त्यात आणखी ५० मिनिटांची भर पडली, ती झेंडा दाखवायला येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांची वाट पाहण्यात. पहिली तुकडी पोहण्याच्या टोप्या घालून तलावाच्या काठावर उभी होती, व्यासपीठावर समया पेटवून झाल्या होत्या, स्वागताची गाणी वाजत होती आणि पूर्वेकडे ऊन वर चढत होते. पाहुण्यांचा मान राखायला कोणाचीच हरकत नाही. सत्कार बक्षीस समारंभात झाला असता तर तो अधिक शोभला असता.

माझी तुकडी पाण्यात उतरली तेव्हा साडेआठ वाजले होते. तलावाचे पाणी कोमट होते, पण पोहणे निर्विघ्न पार पडले. ट्रान्झिशन एरियावर, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घेण्याच्या आणि नंतर ती परत लावण्याच्या जागेवर, छत नव्हते. रॅकला लावलेल्या सायकलींवर पहाटेपासून ऊन पडत असल्याने बाटलीत भरून ठेवलेले पाणी चहासारखे गरम झाले होते. पाम बीच मार्गावर वाशी ते बेलापूर आणि परत अशा दोन फेऱ्यांचा सायकलीचा टप्पा तुलनेने सुसह्य गेला. त्याबद्दल आपल्या मार्शल्सचे आभारही मानते, कारण चौकाचौकांत ती मुले जागेवर हजर होती. मात्र रस्ता बंद ठेवण्याची परवानगी साडेदहापर्यंतचीच असल्यामुळे शेवटच्या तुकडीला वाहत्या रहदारीतून सायकली हाकाव्या लागल्या. तो विषय त्या तुकडीतील स्पर्धक स्वतंत्रपणे मांडत आहेत.

माझी मुख्य तक्रार धावण्याच्या टप्प्याबद्दल आहे. पावणेअकराच्या सुमारास मी धावायला सुरुवात केली. अडीच किलोमीटरच्या चार फेऱ्यांचा हा मार्ग पाम बीचलगतच्या सिमेंटच्या रस्त्यावर होता. खाडी आणि कांदळवन रस्त्याच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळच्या वेळी त्याची सावली रस्त्यावर पडतच नाही. हे मार्ग आखण्यापूर्वी कोणीही एकदा सकाळी तेथे जाऊन पाहिले असते, तर लक्षात आले असते.

या खेळात धावणे शेवटी येते, म्हणूनच उन्हाचा खरा धोका त्याच टप्प्यात असतो. स्नायू काम करतात तेव्हा खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने शरीरातच साठतो आणि ती उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. सायकलवर असताना वेगामुळे वारा लागतो आणि घाम वाळतो. धावताना तो वारा जवळपास नाहीसा होतो, आणि किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळण्याऐवजी नुसताच ठिबकत राहतो. त्याने शरीरातले पाणी आणि मीठ जाते, पण अंग थंड होत नाही. त्यामुळे आपण माझ्या तुकडीचे वेळापत्रक दीड तासाने पुढे ढकलले, तेव्हा स्पर्धेचा सर्वांत धोक्याचा भाग दिवसाच्या धोक्याच्या वेळेत नेऊन ठेवला. हवामान आपल्या हातात नव्हते हे खरे, पण घड्याळ आपल्याच हातात होते.

पहिल्याच फेरीत, वळणाच्या अलीकडे, मला आमच्याच सायकल गटातील एक पन्नाशीचे गृहस्थ दिसले. ते दुसऱ्या तुकडीत होते आणि त्यांची तिसरी फेरी चालू होती. अनेक अर्धमॅरेथॉन केलेला, सराव कधीही न चुकवणारा हा माणूस रस्त्याच्या मधोमध झोकांड्या खात चालला होता. मी हाक मारली तेव्हा त्यांनी मला ओळखले नाही आणि 'सायकल कुठे लावायची?' असे विचारले. सायकल लावून त्यांना तास होत आला असावा. कष्टाच्या व्यायामात माणसाचे भान असे सुटू लागणे हे उष्माघाताचे ठळक लक्षण आहे, हे प्रथमोपचाराच्या कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले जाते. मी स्पर्धा तिथेच सोडली आणि त्यांना धरून पाण्याच्या केंद्रावर आणले.

त्या केंद्रावर एक टेबल, उन्हात ठेवलेले २० लिटरचे जार आणि कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकणारे दोन स्वयंसेवक होते. ओआरएस संपले होते. बर्फ नव्हता, स्पंज नव्हते, ओला टॉवेल नव्हता, सावलीला छत्रीसुद्धा नव्हती. त्या मुलांनी घाबरून जाऊनही जमेल ते केले, त्यांच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती अशा प्रसंगी काय करायचे हे न शिकवता त्यांना तेथे उभे करणाऱ्यांविषयी. एकाने कपाळासमोर धरायचे थर्मामीटर आणले आणि 'ताप नाही' असे सांगितले. घामाने भिजलेल्या, पाणी ओतलेल्या कातडीवरचे हे मोजमाप अशा वेळी दिशाभूल करते. शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेले असू शकते आणि ते कपाळावर कळत नाही.

वैद्यकीय पथक होते ते अंतिम रेषेजवळ. रुग्णवाहिकेला निरोप गेला, पण तोपर्यंत रस्ता रहदारीला खुला झालेला असल्याने ती आमच्यापर्यंत यायला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागला. या काळात त्या गृहस्थांचा जीव कोणी सांभाळला असेल, तर तो पलीकडच्या वळणावर उसाच्या रसाची गाडी लावणाऱ्या विक्रेत्याने. आमची धावपळ पाहून तो बर्फाची अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून रस्ता ओलांडून आला, ती त्याने तिथेच फोडली आणि पैसे घ्यायला नकार दिला. मान, काखा आणि जांघा येथे बर्फाचे तुकडे लावून, गोणपाट ओले करून अंगावर टाकत आम्ही त्यांना थंड करत राहिलो. कष्टाने येणाऱ्या उष्माघातात रुग्णाला आधी जागेवरच थंड करावे आणि मग हलवावे, हा क्रीडावैद्यकातला सर्वमान्य नियम आहे. त्यासाठी बर्फाच्या पाण्याने भरलेला टब हे सर्वांत प्रभावी साधन मानले जाते. असा टब मार्गावर नव्हताच, अंतिम रेषेजवळच्या वैद्यकीय तंबूतही तो नव्हता, हे मी नंतर स्वतः जाऊन पाहिले. ते गृहस्थ रुग्णालयातून आता घरी आले आहेत. आपल्या कंपनीतून त्यांच्या प्रकृतीची चौकशी करणारा एकही फोन आजपर्यंत आलेला नाही, हे त्यांच्या पत्नीने मला सांगितले तेव्हा मला फार वाईट वाटले.

हे सर्व अनपेक्षित होते, असे आपल्याला म्हणता येणार नाही. केवळ पारा किती आहे यावरून उन्हाचा धोका कळत नाही, म्हणून आर्द्रता, ऊन आणि वारा यांचा एकत्रित विचार करणारे वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर, म्हणजे डब्ल्यूबीजीटी, हे मोजमाप अनेक दशकांपासून वापरात आहे. हातात धरून ते मोजता येईल अशी उपकरणे मिळतात. जागतिक ट्रायथलॉन संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३२.२ अंशांच्या वरचा डब्ल्यूबीजीटी हा सर्वाधिक धोक्याचा टप्पा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या पूर्वतयारीसाठी झालेल्या महिलांच्या ट्रायथलॉनमध्ये उन्हाची पातळी पाहून धावण्याचे अंतर १० किलोमीटरवरून ५ किलोमीटर करण्यात आले होते. त्या खेळाडू जगातल्या निवडक, कसलेल्या होत्या. त्यांच्यासाठी अंतर निम्मे करणे कोणाला कमीपणाचे वाटले नाही, तर नोकरी सांभाळून पहाटे सराव करणाऱ्या आम्हा हौशी लोकांसाठी तो निर्णय घ्यायला काय अडचण होती? चार फेऱ्यांच्या दोन फेऱ्या करायला एक घोषणा पुरली असती. आणि दूर कशाला जायचे? आपल्या याच शहरात, खारघरला, १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात झालेल्या जाहीर कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. त्यानंतर नवी मुंबईत उघड्यावर कार्यक्रम घेणाऱ्या कोणालाही उन्हाचा विचार सुचला नाही, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

आता नोंदणी अर्जातील जोखीमपत्राबद्दल. या खेळात पडणे, खरचटणे, गोळे येणे, दमून स्पर्धा सोडावी लागणे या जोखमी मी समजून-उमजून स्वीकारल्या होत्या आणि आजही स्वीकारते. मात्र सात वाजता सोडू असे लेखी सांगून साडेआठला सोडणे, पाण्याच्या केंद्रावर क्षार न ठेवणे आणि वैद्यकीय मदत गरजेच्या ठिकाणापासून दूर ठेवणे, या गोष्टी मी मान्य केलेल्या जोखमीत येत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील अशी उणीव ही सेवेतील त्रुटी ठरते, आणि अर्जाच्या तळाशी टिचकी मारून घेतल्याने सेवा देणाऱ्याची जबाबदारी संपते, असे मला वाटत नाही.

माझी मागणी अशी आहे की, माझे आणि दुसऱ्या तुकडीपासून पुढच्या सर्व स्पर्धकांचे नोंदणी शुल्क पूर्ण परत करावे आणि ज्यांना रुग्णालयात जावे लागले त्यांचा रुग्णवाहिकेचा व उपचारांचा खर्च कंपनीने द्यावा. त्या दिवशी डब्ल्यूबीजीटी मोजला होता का, मोजला असल्यास किती वाजता किती होता आणि अंतर कमी न करण्याचा निर्णय कोणत्या पदावरील व्यक्तीने घेतला, याचा लेखी खुलासा मला हवा आहे. माझ्या निकालासमोर 'डीएनएफ' (डिड नॉट फिनिश) लिहिले आहे, ते तसेच राहू द्यावे. मी स्पर्धा पूर्ण केली नाही ही वस्तुस्थिती आहे आणि पदकाची मागणी मी करत नाही.

पुढील वर्षाची नोंदणी आपण सुरू केल्याचे मला समजले आहे. ती पुढे चालू ठेवण्यापूर्वी शेवटचा हौशी स्पर्धक साधारण साडेनऊपर्यंत अंतिम रेषेवर पोहोचेल असे वेळापत्रक, अंतर केव्हा कमी करणार आणि स्पर्धा केव्हा थांबवणार याची आकड्यांतली मर्यादा, आणि बर्फाच्या टबांसह वैद्यकीय पथकांच्या जागा दाखवणारा नकाशा संकेतस्थळावर जाहीर करावा. तरणतलावाच्या क्षमतेमुळे हे जमत नसेल, तर स्पर्धकांची संख्या कमी करावी किंवा स्पर्धा डिसेंबर-जानेवारीत घ्यावी.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागणार आहे. आमच्या गटातील इतर स्पर्धकांनीही तशी तयारी दाखवली आहे. खुलाशासाठी प्रत्यक्ष भेटण्याची आपली इच्छा असल्यास मी आणि ते गृहस्थ, त्यांची प्रकृती साथ देईल त्याप्रमाणे, सायंकाळी सहानंतर आपल्या कार्यालयात येऊ शकतो.

कळावे,

आपली विश्वासू,
ऑलिम्पिक गट, तिसऱ्या तुकडीतील एक स्पर्धक

सोबत : नोंदणी शुल्काची पावती, आपण पाठवलेल्या वेळापत्रकाची प्रत, पाण्याच्या केंद्राची वेळ नोंदलेली छायाचित्रे आणि ग्राहक सेवा विभागाच्या उत्तराची प्रत.